खेळण्यातल्या कॅमेऱ्याचं भिंग

रविवार, ६ मे १९८४. हजर: मी, माझी वहिनी, ताडकळसच्या पलीकडच्या एका वाडीवरून आलेला एक जावई, त्याला घेऊन आलेला जीपचा ड्रायव्हर. गैरहजर: दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचा चांगला कॅमेरा घेऊन तो पहाटेच गंगाखेडकडच्या एका लग्नाला गेला होता.

वरची नोंद माझ्या कामाच्या वहीतली आहे, जशी होती तशी उतरवली. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला दादाचा फोटो स्टुडिओ होता. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि दादानं मला या कामात घेतलं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. फोटो दादा काढायचा. फिल्म धुणं, प्रिंट करणं आणि प्रिंटवर बारीक ब्रशनं दुरुस्ती करणं माझ्याकडं होतं. या दुरुस्तीला आम्ही टचिंग म्हणायचो. देवीचे वण पुसणं, विरळ केस भरणं, उपवर मुलीच्या कपाळावरची खोक घालवणं ही रोजची कामं. त्यातलंच एक काम मयताचे डोळे उघडायचं.

खेड्यापाड्यातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचा जन्मात फोटो निघालेला नसायचा. माणूस गेला की फोटोवाल्याला बोलावणं यायचं. मयताला आंघोळ घालून, धोतर-पटका नेसवून खुर्चीवर बसवायचं, भोवती घरचे बसायचे, आणि मग उचलायचं. मागाहून प्रिंटवर मी मिटलेल्या पापण्यांच्या जागी उघडे डोळे रंगवायची. मिटल्या डोळ्यांची तसबीर आमच्याकडं कुणी भिंतीला लावत नाही.

जावई नऊच्या सुमाराला आला. तीस-बत्तीसचा, अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"ताई, आमचं म्हातारं गेलं पहाटं. फोटो काढायचाय."

"दादा लग्नाला गेलाय. दुसरीकडं विचारलंत का?"

"तीन दुकानं हिंडून आलो. समदे लग्नालाच गेलेत. लग्नसराईत मरू नये माणसानं." हे बोलून तो स्वतःच ओशाळला. "माझी मालकीण हटून बसलीय. एकुलती एक लेक हाय त्यांची. आबाचं तोंड पायजे, डोळे उघडं असलेलं पायजे, त्याबिगर उचलू देणार न्हाई म्हणायलीय. म्हाताऱ्यानं आयुष्यात कुणाला फोटो काढू दिला न्हाई. आन् ऊन तर बघा. दुपारपरीस जास्त ठिवता येत न्हाई."

स्टुडिओत दुसरा कॅमेरा होता. त्याची बॉडी ठणठणीत होती, पण भिंग माझ्या हातून गुरुवारी फरशीवर पडलं होतं. पुढच्या काचेला आडवी चीर गेली होती आणि उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पात्या अर्ध्यावर अडकून बसल्या होत्या. दादाला हे अजून सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलं होतं: "भिंग. दादाला सांगणे." ते काम मी तीन दिवस पुढं ढकललं होतं.

मी जावयाला बाकावर बसवून पाणी दिलं आणि आत जाऊन कामाची जुळवाजुळव केली. कॅमेरा आहे. फिल्म आहे. स्टँड आहे. भिंग नाही. घरात आणखी कुठं भिंग आहे? फोटो मोठा करायच्या यंत्राला एक होतं, पण ते त्यातच पक्कं बसवलेलं. वहिनीच्या चष्म्याचा विचारही मनात येऊन गेला. मग आठवला पोरांच्या पेटीतला कॅमेरा.

दादानं मागं कधीतरी पोखर्णीच्या जत्रेतून पोरांसाठी प्लास्टिकचा एक कॅमेरा आणला होता. त्यात खरा रोल बसायचा आणि फोटोही निघायचे, धूसर आणि वाकडे. पोरांनी वर्षभरात त्याचं मागचं झाकण तोडलं, बटणाची स्प्रिंग हरवली, आणि तो बाहुल्यांबरोबर पेटीत गेला. त्यानं फोटो निघणं आता शक्य नव्हतं. पण त्याचं भिंग शाबूत होतं. काचेची एकच चकती, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान.

मी ते पेचकसानं उपसायला घेतलं तेव्हा वहिनी दारात आली.

"वन्सं, पोरांच्या खेळण्यानं मयताचा फोटो काढायलात का?"

"खेळण्यानं नाही. त्याच्या भिंगानं."

"अन् नाही आला तर? ती लेक जन्मभर नाव घेईल तुमचं."

"नाही गेले तरी घेईल."

वहिनीनं पदर खोचला आणि सांगितलेलं सगळं काढून द्यायला लागली. वायरिंगची काळी पट्टी. फोटोच्या कागदाच्या खोक्याचा पुठ्ठा. पोरांच्या कंपासपेटीतला कर्कटक. काळा कागद.

मी असं केलं. फुटलेल्या भिंगाची पुढची कडी कर्कटकाच्या दोन टोकांनी फिरवून उघडली आणि आतल्या सगळ्या काचा काढून टाकल्या. उरली रिकामी नळी. ती बॉडीला आट्यांनी नीट बसत होती आणि पुढं-मागं फिरतही होती. म्हणजे फोकस हातात राहिला. अडकलेल्या पात्या तशाच ठेवल्या. एकाच काचेच्या भिंगाला लहान भोकच बरं, चित्र जास्त स्वच्छ येतं. नळीच्या तोंडाशी पुठ्ठ्याची चकती, चकतीच्या मधोमध भोक, भोकात खेळण्यातलं भिंग. कडेनं काळा कागद आणि वरून पट्टीचे चार वेढे.

कॅमेऱ्यातून समोरच्या दुकानाची पाटी बघितली. आधी नुसता गढूळ उजेड. मग नळी फिरवत फिरवत बाहेर आणली तशी मधली तीन अक्षरं लख्ख झाली. कडेची अक्षरं मात्र हलत्या पाण्यातल्यासारखी. पुठ्ठा थोडा सरकवून बघितला, फरक पडला नाही. जे धड दिसणार ते मधोमध, बाकी सगळं वाहून जाणार. तपासायला फिल्म धुवून बघावी एवढा वेळ नव्हता.

दहाला आम्ही निघालो. मला एकटीला जाऊ देणं वहिनीला पटलं नाही, म्हणून तीही जीपमध्ये बसली. जीप वाडीतल्या जमीनदाराची होती. कॅमेरा मी मांडीवर टॉवेलात गुंडाळून धरला होता. जावई सारखा त्याच्याकडं बघत होता.

"ताई, ह्यो असाच असतो व्हय? पट्ट्या लावलेला?"

"ऑपरेशन झालंय त्याचं," वहिनी म्हणाली. "तुमी पुढं बघा."

ड्रायव्हर हसला आणि लगेच गप्प झाला. वाटेत एका पुलाच्या कठड्यावर नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा एकावर एक रंगवलेल्या होत्या. दोन्ही वाचता येत नव्हत्या. त्यापुढं दोन्ही बाजूंनी कापूस उपटलेली काळी रानं आणि ऊन.

मयताचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. अंगणात कडुलिंबाचं झाड, कडेला मेंढरांचा रिकामा वाडा. मेंढरं कुणीतरी लांब हाकलून नेली होती. मयताला शाळेतल्या खुर्चीवर बसवलं होतं. छातीखालून एक धोतर गुंडाळून खुर्चीच्या पाठीला बांधलं होतं आणि त्यावर घोंगडी घातली होती. लाल पटका, पांढऱ्या मिशा, लांब निमुळता चेहरा. लेक पायाशी बसलेली. तिनं वर बघितलं आणि मला विचारलं, "तुमीच काढणार?"

"हो."

"डोळे उघडून द्यायचे आबाचे."

"देईन."

मी हो म्हटलं ते सवयीनं. असं काम आलं की दादानं जागेवर विचारून यायचे चार प्रश्न मी ठरवून दिलेले होते, आणि पहिला प्रश्न डोळ्यांचाच होता: मोठे की बारीक, नजर कशी, डोळ्यात काही खूण. त्या दिवशी माझं सगळं लक्ष पट्टीच्या वेढ्यांवर होतं. मी विचारलं नाही.

उन्हात चेहरा घेतला असता तर डोळ्यांच्या खाचा काळ्या आल्या असत्या. खुर्ची लिंबाच्या सावलीच्या कडेला घ्यायला लावली. दोन माणसांना एक पांढरं धोतर ताणून समोर धरायला सांगितलं, म्हणजे उन्हाचा उजेड उलटून चेहऱ्यावर पडेल. मग नुसत्या चेहऱ्याचे दोन फोटो घेतले.

"आता घरचे समदे," कुणीतरी म्हणालं.

"आधी दोघं," मी म्हटलं. "आईंना बोलवा."

आई म्हणजे मयताची बायको. ती घरात बसून होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. दोघांचा फोटो आधी घ्यायचा आणि मग बांगड्या फोडायच्या, असं ठरलेलं होतं. त्यासाठी मयताची थोरली बहीण दाराच्या उंबऱ्यावर वाट बघत होती. आई बाहेर आली आणि रीतीप्रमाणे खुर्चीच्या डाव्या बाजूला, हातभर अंतर सोडून जमिनीवर बसली. पदर नाकापर्यंत.

मी कॅमेऱ्यातून बघितलं. मयत मधोमध स्पष्ट दिसत होता. ती कडेला, खाली, एक हिरवट डाग. मी कॅमेरा मागं नेला. दोघं आत आली, पण ती तशीच विरघळलेली. तिचा चेहरा हवा असेल तर तो त्याच्या चेहऱ्याशेजारीच आणायला हवा होता. दुसरी वाट नव्हती.

"आई, वर बसावं लागेल. त्यांच्या शेजारी. खांद्याला खांदा लागला पाहिजे."

ती जागची हलली नाही. मी पुन्हा सांगितलं. भोवतीच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"असं का?" लेकीनं विचारलं.

"हे भिंग मधलंच धरतं. कडेचं येत नाही. त्या तिथं बसल्या तर फोटोत त्या दिसणार नाहीत."

लेक उठली. तिनं ज्वारीचं एक पोतं ओढत आणून खुर्चीला भिडवून ठेवलं. "आई, ऊठ. हितं बस."

उंबऱ्यावरून आत्या बोलली, "जलमभर एका बाजंवर बसली न्हाई, आता मांडीला मांडी लावून बसती व्हय. समद्या गावाच्या पुढं."

"आत्या, गप ऱ्हा."

"मी कशाला गप ऱ्हाऊ. खालीच बसायची रीत हाय आपल्यात. ह्या परभणीच्या बाया येत्यात आन् सांगत्यात."

वहिनी इतका वेळ मागं उभी होती. ती आत्याजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, कॅमेरा आमचा गरीब हाय. त्याला दोन माणसं येकदम दिसत न्हाईत. तुमच्या भावजयीचा दोष न्हाई."

लेकीनं आईला दोन्ही हातांनी धरून उठवलं आणि पोत्यावर बसवलं. ती अंग चोरून बसली. मी म्हटलं, अजून. ती सरकली. अजून. मग तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि त्याचं डोकं किंचित तिच्या बाजूला कललं. लेकीनं तिचा पदर कपाळापर्यंत मागं घेतला.

दोन्ही चेहरे मधोमध आले. मी नळी फिरवून नीट केलं. "आई, इकडं बघा."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती मान वळवून त्याच्या तोंडाकडं बघत होती, अगदी जवळून. मी दोनदा हाक मारली. मग हाक मारणं सोडलं आणि बटण दाबलं. तीन फोटो घेतले. शेवटी घरच्या सगळ्यांचा एक.

"झालं?" आत्यानं विचारलं.

"झालं."

तिनं भावजयीला हाताला धरून आत नेलं. मी स्टँड मिटायला घेतला. आतून बांगड्यांचा आवाज आला. मी स्टँडचे तीनही पाय एकेक करून नीट आत घातले, पट्टा बांधला, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म धुतली. चेहऱ्याचे दोन्ही फोटो चांगले आले होते. पटक्याच्या घड्या, मिशा, गालाची हाडं, सगळं होतं. दोघांच्या तीनपैकी एकात दोघंही स्पष्ट होती. घरच्या सगळ्यांच्या फोटोत मात्र मधली दोन माणसं सोडली तर बाकीची धुराच्या लोटात उभी असल्यासारखी दिसत होती.

त्याच सकाळी दादाला सगळं सांगितलं. त्यानं रिकामी नळी हातात घेऊन बघितली, निगेटिव्ह उजेडाकडं धरून बघितलं.

"पाडलंस कधी?"

"गुरुवारी."

त्यानं नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं. मग म्हणाला, "चकती आणखी थोडी आत बसवायची होतीस. कडा सुधारल्या असत्या." एवढंच. मी ते वहीत लिहून ठेवलं.

दहावा-तेरावा झाल्यावर लेक आणि जावई स्टुडिओत आले. मी मोठा प्रिंट काढून ठेवला होता, डोळे अजून मिटलेलेच. तेव्हा मी माझे प्रश्न विचारले.

"डोळे बारीक होते," लेक म्हणाली. "उन्हात मेंढरामागं हिंडून बारीक झालेले. आन् एका डोळ्यात फूल होतं. पांढरं, बुबुळावर."

"कोणत्या?"

"उजव्या."

"डाव्या," जावई म्हणाला.

"तुमाला काय ठावं. तुमी वर्षातनं दोनदा यायचे."

"दोनदा यायलो तरी म्होरं बसूनच जेवायलो ना. तू त्यांच्या मागं मागं हिंडली."

"मागं न्हाई, बाजूनं. उजव्या बाजूनं."

दोघं तिथंच भांडायला लागले. मी म्हटलं, फूल नको, दोन्ही डोळे साधे काढते. लेक म्हणाली, "मग त्यो आबा न्हाई."

फोटो काढायच्या वेळी मयत समोर होता. मी विचारलं असतं तर कुणीतरी पापणी उचलून बघितली असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते.

आईला विचारायचं ठरलं. ती घराबाहेर पडत नव्हती, म्हणून ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीनं गेले आणि तिथून चालत वाडीवर. तिच्या हातात काही नव्हतं, कपाळ कोरं होतं. तिनं मला पाणी दिलं. मी तोच प्रश्न विचारला.

"मी कवा बघितलं ताई त्यांच्या डोळ्यात," ती म्हणाली. "वाढताना मान खाली. बोलताना पदर म्होरं. फूल होतं हे ऐकून ठावं. कंच्या डोळ्यात, ते न्हाई सांगता यायचं." मग म्हणाली, "तुमी जवळ बसवलं त्या दिशी बघितलं नीट. तवा मिटलेले होते."

मी परत आले. दोन प्रिंट काढले. एकात उजव्या डोळ्यात फूल, दुसऱ्यात डाव्या. त्या भिंगाचं चित्र मऊ होतं, पापण्यांच्या कडा सापडत नव्हत्या. ब्रशनं काढलेली प्रत्येक रेघ वरून चिकटवल्यासारखी दिसत होती. आठवडाभर बसून, पुसून, पुन्हा काढून जेवढं जमलं तेवढं केलं. लेकीनं दोन्ही हातात घेतले, दारापाशी उजेडात नेऊन बघितले.

"दोन्ही बी आबावानी दिसायलेत," ती म्हणाली. "आन् दोन्ही बी न्हाईत."

मग तिनं टेबलावरचा मिटल्या डोळ्यांचा प्रिंट उचलला. "ह्यो नेते तवर. पेटीत ठिवते. तुमी खरं काय ते धुंडून उघडून द्या. घाई न्हाई."

याला दहा वर्षं होतील. फोटो अजून तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. भिंतीवर खिळा ठोकलेला आहे, असं जावई दोन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा म्हणाला. आई आता नाही. ती गेली तेव्हा लेकीनं दोघांच्या त्या तीन फोटोंतला चांगला मागितला. त्यातली नुसती आई वेगळी काढून द्यायची होती. ते जमलं नाही. दोघांचे चेहरे इतके जवळ आहेत की मध्ये कात्री चालवायला जागा नाही.

एक माणूस उरला आहे. राणीसावरगावकडचा एक मेंढपाळ. तो बरीच वर्षं म्हाताऱ्याबरोबर कळप घेऊन हिंडायचा. एका चुलीवर खायचे, एका घोंगडीवर निजायचे. त्याला माहीत असणार. मी त्याच्याकडं निरोप पाठवला होता. उत्तर आलं, समोर या, मग सांगतो. त्यानंतर दरवर्षी "राणीसावरगावला जाणे" ही ओळ मी जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवते. जायला सवड झाली नाही असं नाही. त्यालाही आठवत नसेल तर पुढं विचारायला कुणी उरत नाही, म्हणून मी गेले नाही.

ब्रश धुवून ठेवला आहे. कोरे प्रिंट दोन आहेत. यंदा जायचं, असं वहीत लिहिलं आहे. गंगाखेडहून राणीसावरगावची सकाळची एसटी किती वाजता सुटते, ते अजून विचारायचं आहे.